करडा धागा आणि सेल्फची मिरची

इंग्रजीशी माझा संबंध दहावीच्या गुणपत्रिकेपुरताच. काठावर पास झालो आणि त्या भाषेला लांबूनच रामराम केला. पण तिच्यातला एक शब्द मात्र तेहतीस वर्षं माझ्या मानगुटीवर बसला होता. सेल्फ! ह्या शब्दाने मला पगार दिला, गावोगावची भांडणं दिली, एकदा घोटा सुजवला, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका बाईपुढे मान खाली घालायला लावली. गंमत म्हणजे ते आठवलं की मला आजही वाईट कमी आणि बरं जास्त वाटतं.

मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीत फील्डवर होतो. कागदावर हुद्दा पर्यवेक्षक, गावात नाव ‘मिरचीवाले साहेब’. मूळचा मी शहागडचा. मिरचीचा ठेचा होतो, ह्यापलीकडे मिरचीबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. कंपनीत लागल्यावर कळलं, की मिरचीचं लग्न लावायचं असतं आणि आपण त्यातले भटजी.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर काम असं. मिरचीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोघंही सुखाने नांदत असतात. फुलाला कुणाची गरज नसते. आपण संकरित बियाणं म्हणून जे दुकानातून आणतो, ते करायला मात्र एका वाणाची मादी आणि दुसऱ्या वाणाचा नर लागतो. म्हणून संध्याकाळी बाया रांगेत बसतात आणि उद्या उमलणारी कळी हेरून चिमट्याने तिच्यातला नराचा भाग अलगद काढून टाकतात. सकाळी नराच्या झाडांवरून काढलेला पराग डबीत घेऊन येतात आणि त्या कळीच्या टोकाला लावतात. मग देठाला लोकरीचा लाल धागा बांधतात. धागा दिसला म्हणजे ह्या फळाला माणसाचा हात लागलेला आहे. ज्याला धागा नाही, ते फळ झाडाने आपल्या मर्जीने धरलेलं. त्यालाच म्हणायचं सेल्फ. ते दिसलं की तोडायचं, दयामाया नाही. चार सेल्फ जरी बियाण्यात गेले तरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाच्या तरी वावरात भलतीच झाडं उगवतात, आणि मग शिव्या कंपनीपासून सुरू होऊन माझ्या आईपर्यंत पोचतात.

म्हणजे दिवसभर ‘सेल्फ काढा, सेल्फ काढा’ म्हणून ओरडायचं, आणि संध्याकाळी मोटारसायकलपाशी येऊन ‘देवा, सेल्फ लागू दे’ म्हणायचं. माझ्या गाडीचा सेल्फ दर पावसाळ्यात रुसायचा. बँकेत गेलो की चेकवर सेल्फ लिहायचं. मुलीच्या शाळेतून निरोप यायचा, की हिचा सेल्फ स्टडी कमी पडतो. अलीकडे कंपनीने मोबाईल दिला आणि हुकूम सोडला, की प्रत्येक प्लॉटवर उभं राहून सेल्फी पाठवा, तरच भेट खरी. आयुष्यभर दुसऱ्यांचे सेल्फ खुडून म्हातारपणी स्वतःचा काढायची वेळ आली, असं मी ऑफिसात म्हणालो. कुणी हसलं नाही. सगळे सेल्फी काढण्यात गुंतले होते.

जाफराबादकडे एक म्हातारबाबा भेटले होते. त्यांनी सेल्फ तोडायला साफ नकार दिला. “पोटचं लेकरू फेकायचं आन् सवतीचं पोसायचं? ह्यो कुठला न्याव म्हणायचा, साहेब?” मी तासभर शास्त्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “च्या घेता का?” शेवटी तोड निघाली ती अशी, की सेल्फ तोडायचे, पण फेकायचे नाहीत. त्यांच्या मंडळींनी त्याचा ठेचा करायचा, आणि आपला हुकूम पोटाला कसा लागतो हे कळावं म्हणून मी दर फेरीला तो खायचा. त्या हंगामात मी इतके सेल्फ खाल्ले, की दिवाळीत फराळाला हात लावायची हिंमत झाली नाही. पण तो प्लॉट असा स्वच्छ होता, की बघत राहावं.

आता भगवानच्या प्लॉटची गोष्ट सांगतो. माझी खरी परीक्षा तिथेच झाली.

भगवान पिंपळगाव रेणुकाईजवळचा. त्याच्या आजोबा-पणजोबांनी मेंढरं राखली, बापाने थोडीफार शेती धरली. भगवान मात्र आठ वर्षं जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये होता. भट्टीतून लाल सळई बाहेर यायची आणि हा चिमटा घेऊन तिच्यापुढे. महिन्यातून एकदा घरी यायचा, तेव्हा धाकटी पोर त्याला बघून आजीच्या पदराआड लपायची. हे त्याला फार लागलं. त्याने मिल सोडली, अर्ध्या एकरावर हिरव्या जाळीचं शेडनेट उभं केलं आणि आमच्याकडे मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट मागितला. मिलचे बूट त्याने घरात खुंटीला टांगून ठेवले होते. मी विचारलं तर म्हणाला, “प्लॉट पास झाला तर फेकून देतो, साहेब. फेल झाला तर पुन्हा घालावंच लागतील.”

त्याच्याकडे बायांची टोळी होती गयाबाईची. गयाबाई म्हणजे मुकादम. पन्नाशीच्या पुढची, आवाज असा की शेडनेटच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाच्या बाया हात झपाझप चालवू लागायच्या. तिच्या टोळीचा प्लॉट कधी नापास झाला नव्हता, आणि हे ती भेटेल त्याला सांगायची. मलाही दर भेटीत एकदा सांगायची.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गयाबाईचा फोन आला, “साहेब, धागा संपत आलाय. उद्यापुरता बी न्हाई.” मी म्हणालो, आत्ता निघतो. गाडीला सेल्फ मारला, लागला नाही. किक मारली, ती अशी उलटली की घोट्याचं वांगं झालं. डॉक्टरांनी दहा दिवस पाय जमिनीला लावू नका म्हणून सांगितलं. मी पलंगावर पडलो, आणि खरं सांगतो, धाग्याचं विसरून गेलो. एकदा गयाबाईचा पुन्हा फोन आला, तेव्हा “हो हो, पाठवून देतो” म्हणालो आणि कूस बदलली. चूक झाली ती माझी, आधीच सांगून ठेवतो.

हजेरीसाठी मी भगवानला रोज सेल्फी पाठवायला सांगितलं होतं. तो न चुकता पाठवायचा. पण फोटोभर नुसता भगवानच. कपाळ, मिशी, एक कान. मिरची कुठे तरी कानामागे हिरव्या ठिपक्याएवढी. मी ते तसेच कंपनीकडे ढकलत राहिलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लंगडत प्लॉटवर पोचलो. नेटचा पडदा बाजूला केला आणि जागीच थांबलो. झाडांना केशरी, पांढरे, निळे, पिवळे, हिरवे, जांभळे धागे. अख्खं शेडनेट पोळ्याच्या बैलासारखं नटलेलं.

“हे काय करून ठेवलंय?” मी ओरडलो.

गयाबाई जागची हलली नाही. “नवरात्राचे रंग हायेत, साहेब. तुमचा लाल धागा संपला. म्या दोनदा फोन केल्ता. वाट बघत बसावं का कळ्या वाळू द्याव्या? मंग गावातल्या दुकानातून लोकर आणली. बैलाच्या गोंड्याची उरली होती त्याच्याकडं. ज्या दिवशी ज्या रंगाचं लुगडं, त्या दिवशी त्या रंगाचा धागा. बाया खूश, काम बराबर.”

“आणि हा कसला?” एका देठाला जाडसर, खरबरीत धागा होता.

“करडा रंग दुकानात मिळंना,” भगवान खाली मान घालून म्हणाला. “मंग आईनं जुन्या घोंगडीचा काठ उसवून दिला.”

मी हसायला हवं होतं. पण माझं डोकं तापलेलं होतं, घोटा ठणकत होता, आणि मनात चोर होता. माणूस स्वतः चुकलेला असला की त्याला नियम फार आठवतात. मी म्हणालो, “कंपनीचा नियम आहे. लाल धागा नाही ते सगळं सेल्फ. सगळं तोडावं लागेल.”

ऐन बहराचे नऊ दिवस होते ते. ते तोडले तर प्लॉटमध्ये उरतं काय? भगवान तिथेच बांधावर बसला. 

गयाबाई मात्र पुढे आली. “सेल्फ? साहेब, ह्या एकेका कळीला माझ्या बायांनी उपासाच्या पोटी हात लावलाय. आन् त्याला तुम्ही सेल्फ म्हणून राह्यले?”

 मी गुमान जालन्याला फोन लावला. आमच्या गुणवत्ता विभागात नवीन मॅडम आल्या होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, “काहीही तोडू नका. मी परवा येते.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. गयाबाई मला नेटच्या बाहेर गाठून उभी राहिली. आवाज एकदम खालचा. तिचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“साहेब, एक सांगायचं हाय. करड्या दिवशी आभाळ होतं. आपल्या नराचा पराग सुटंना. आदल्या सांजंला कळ्या उघडून ठेवलेल्या. त्या वाया जाणार. माझी नणंद शेजारच्या प्लॉटवर मुकादम हाय, दुसऱ्या कंपनीच्या. तिच्याकडं आदल्या दिवसाचा पराग उरला होता, तो म्या आणला. त्या दिवसापुरताच. टोळीतल्या बायांना बी ठाऊक न्हाई.”

 शेजारचा नर म्हणजे वेगळाच वाण. त्याची फळं बियाण्यात गेली की सगळा माल भेसळीचा. अशी गोष्ट कागदावर आली, की आमच्याकडे अख्खा प्लॉट उपटायचा हुकूम निघतो. धाग्यांच्या रंगाबद्दल मॅडमना कसंबसं पटवता आलं असतं. हे कसं पटवणार? आणि डोळ्यांपुढे भगवानच्या खुंटीवरचे ते बूट.

मी म्हणालो, “गयाबाई, माझ्या कानावर घातलंत तेवढं पुरे. उद्या मॅडमपुढे हे बोलू नका.”

तिने माझ्याकडे बघितलं. “बरं,” एवढंच म्हणाली आणि कामाला गेली.

तेहतीस वर्षं मी लोकांना भेसळीचे तोटे समजावत हिंडलो, आणि त्या दिवशी मी स्वतःच ती झाकायला निघालो होतो. भगवानची दया आली हे खरं. पण धागा का संपला, ह्याची चौकशी निघू नये असंही मनात होतं. तेही खरंच.

मॅडम आल्या. एकेक रांग वाकून बघितली. धाग्यांचे फोटो काढले. शेवटी हसून म्हणाल्या, “कल्पना छान आहे. धागा आहे म्हणजे क्रॉस केलंय, रंग कुठला का असेना. माझी हरकत नाही.”

भगवानचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं सुटलो. तेवढ्यात गयाबाई चिमटा खाली ठेवून उठली.

“मॅडम, करडे तेवढे चुकलेत,” ती म्हणाली. आणि आभाळापासून नणंदेपर्यंत सगळं, सगळ्या बायांदेखत, खणखणीत आवाजात सांगून टाकलं. “माझी चूक हाय. भगवानची न्हाई, साहेबांची बी न्हाई. प्लॉट उपटायचा तर मला सांगा, म्या उपटते. पण लोकाच्या वावरात माझ्या हाताची भेसळ जाणार न्हाई.”

 भगवान पांढराफटक. मी पायावरच्या पट्टीकडे बघत होतो.

मॅडमनी विचारलं, “दुसऱ्या कुठल्या दिवशी असं झालं नाही ना?”

“बिलकुल न्हाई. रेणुकाईची आण.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “साहेब, आपल्या बाकी प्लॉटवर सगळीकडे लाल धागा असतो. तिथे एखादा दिवस असा चुकला, तर कुठली फळं काढायची हे सांगता येईल?”

“नाही,” मी म्हणालो. “अख्खा प्लॉट उपटावा लागेल.”

“इथे सांगता येतंय,” त्या म्हणाल्या. “करड्या धाग्याची सगळी फळं आत्ता माझ्यासमोर तोडा. एकही राहता कामा नये. बाकीचं राहू द्या. पुढे बी तपासणीला लावू, तेव्हा काय ते कळेलच.”

काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी शेडनेटमध्ये जत्रा भरली. बाया रांगांमध्ये घुसल्या. “करडा! हा घ्या करडा!” मिरच्या अजून नखाएवढ्याच होत्या. भगवान तोडत होता, त्याची बायको तोडत होती, मॅडम बाह्या सावरून तोडत होत्या. मी एका पायावर तोडत होतो. सगळं झालं असं वाटलं, तेव्हा भगवानची आई काठी टेकत आत आली. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भगवान म्हणाला, “आई, तुला काय दिसतंय? बस तिकडं.”

“दिसायचं कशाला?” म्हातारी म्हणाली. “माझ्या घरच्या मेंढराची लोकर हाय ती. हाताला कळती मला.”

आणि तिने रांगेतून चालत, झाडाझाडाला हात लावत, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांतून सुटलेले करडे धागे एकामागून एक काढून दिले. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. गयाबाई ओरडली, “आत्याबाई, उद्यापून टोळीत या, हजेरी लावते!” म्हातारी लाजली. हुद्द्याने मोठ्या असूनही आमच्या मॅडम शेताच्या बांधावर बसून पोटभर हसल्या.

पुढे फळं लाल झाली, बी निघालं आणि तपासणीला गेलं. ही तपासणी म्हणजे त्याच बियातलं थोडं बी दुसरीकडे पेरतात, रोपं वाढवतात आणि एकेक झाड तपासतात. एखादंसुद्धा भलत्या जातीचं निघालं तर लपत नाही. त्यात महिने जातात. तेवढे महिने भगवान फोनवर फक्त “साहेब, कसं काय?” विचारायचा, आणि मी “अजून नाही” म्हणायचो. दोघांनाही तेवढंच पुरायचं.

निकाल आला तो मे महिन्यात, माझ्या निवृत्तीला चार दिवस राहिले असताना. पास! मी फोन केला नाही. भर उन्हात गाडी काढली. भोकरदनच्या पुढे वाऱ्याला नुसती धग होती, पण मी शिट्टी वाजवत गेलो.

भगवानच्या वावरात मिरचीची नवी लागवड चालली होती. गयाबाईची टोळीच होती. मी बांधावरूनच ओरडलो, “पास!”

भगवान हातातलं रोप तसंच टाकून उठला. घराकडे पळत गेला. गयाबाई हातातलं रोप मातीत नीट दाबून मग उठली. “सगळ्या रंगाचं पास?”

“सगळ्या रंगाचं.”

तिने पदराचं टोक तोंडावर धरलं आणि क्षणभर तिकडे वळून उभी राहिली. तेवढ्यात भगवान आला. हातात मिलचे ते बूट. फेकून देतो म्हणाला होता, पण फेकले नाहीत. शेडनेटच्या खांबाला उंच बांधले, नजर लागू नये म्हणून. त्याची धाकटी पोर त्याच्या खांद्यावर बसून दोरी पकडत होती. ती आता आजीच्या पदराआड लपत नव्हती.

मी गयाबाईला बाजूला घेतलं. “त्या दिवशी मी तुम्हाला गप्प राहा म्हणालो. फार चुकलं माझं.”

“चुकलंच,” ती म्हणाली. मला वाटलं होतं, जाऊ द्या म्हणेल. “पण पाय दुखत असताना एका पायावर करडे तोडले ना तुम्ही? झालं मंग.”

चहा झाला, फोटो झाले. त्यातल्या एका सेल्फीत भगवानने पहिल्यांदाच सगळ्यांना घेतलं. स्वतःचा फक्त कान आला. माझी नोकरी संपली म्हटल्यावर बायांनी दोन-दोनदा विचारलं, की आता ओरडायला कोण येणार.

निघताना गाडीवर बसलो, सेल्फ मारला. चूं नाही. पुन्हा मारला. किकला पाय लावायची माझी हिंमत होईना. बाया हसायला लागल्या. गयाबाईने मातीचे हात लुगड्याला पुसले आणि टोळीला हाक दिली.

“या गं समद्या! सेल्फ न्हाई लागला तर काय झालं, साहेब? आम्ही हाये की!”

आणि दहा-बारा बायांनी मागून असा रेटा दिला, की गाडी ढेकळांवरून उड्या मारत निघाली आणि रस्त्याला लागता लागता धडधडत चालू झाली. मागे आरडाओरडा, टाळ्या. मी वळून बघितलं नाही. थांबलो असतो तर गाडी पुन्हा बंद पडली असती, आणि बायांना माझे डोळे दिसले असते.